चार बोटं सोडून घडी : जड गोधड्या, रजया आणि विनयपिटकातलं घरकाम

फेब्रुवारी सरत आला की वर्धा जिल्ह्यातली थंडी निघून जाते. हिंगणघाट असो की आर्वी, देवळी असो की समुद्रपूर, महिनाभरात पंखे सुरू होतात आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न पडतो. या जड गोधड्या, रजया, ब्लँकेटं आता ठेवायची कुठे? दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्न लहान नसतो. विहारात तर तो आणखी मोठा होतो.

आमच्या गावच्या विहारात हिवाळी शिबिरासाठी वर्गणीतून ब्लँकेटं घेतली होती. शिबिर संपलं. आम्ही पोरांनी ती गोळा केली, कोपऱ्यातल्या खोलीत रचली आणि कुलूप लावलं. ते कुलूप उघडलं थेट वर्षावास संपल्यावर. खालच्या थराला बुरशी आली होती, मधल्या थरात उंदरांनी घर केलं होतं. वरची तेवढी वाचली. निंदणाच्या रोजीतून ज्या बायांनी पैसे दिले होते, त्यांना काय सांगायचं हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. हा लेख त्या दिवशी आलेल्या लाजेतून लिहिला आहे.

या विषयावर काही वाचावं म्हणून शोधत गेलो आणि पोचलो विनयपिटकात. कापड किती ठेवावं, कसं वाळवावं, घडी कशी घालावी, जुनं झाल्यावर त्याचं काय करावं, हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. त्याच क्रमाने आपणही जाऊ.

आधी मोजा

महावग्गात एक प्रसंग आहे. राजगृहाहून वैशालीकडे जाताना तथागतांना डोक्यावर, खांद्यावर आणि कमरेवर चीवरांची गाठोडी घेतलेले भिक्खू दिसले. वैशालीला गोतमक चैत्यापाशी ऐन थंडीच्या रात्री ते स्वतः एका चीवरावर उघड्यावर बसले. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली, तेव्हा दुसरं चीवर घेतलं. मधला प्रहर सरल्यावर तिसरं, पहाटे चौथं. या अनुभवातून त्यांनी भिक्खूंसाठी तीन चीवरांची मर्यादा घातली आणि त्यातली संघाटी दुहेरी ठेवली. दुहेरी संघाटी धरली तर थर चारच होतात. आधी स्वतःच्या अंगावर थंडी घेऊन पाहिली आणि मग नियम केला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आपल्या घरातही मोजणी करून पाहा. माणशी एक जड आणि एक हलकं पांघरूण, पाहुण्यांसाठी एक-दोन जास्तीची. यंदाच्या पूर्ण हिवाळ्यात एकदाही उघडली नाही अशी रजई तुम्हाला लागत नाही. ती पेटीत कुजवण्यापेक्षा विटाभट्टीवर किंवा पालात राहणाऱ्या कुटुंबाला द्या, आणि पौषाच्या आधी द्या. थंडी सरल्यावर दिलेल्या पांघरुणाने फोटो निघतो, ऊब मिळत नाही.

मग वाळवा

आपला जिल्हा कापसाचा. कापूस हवेतलं पाणी ओढून घेतो हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. साधारण हवेत शंभर किलो कोरड्या कापसामागे सात-आठ किलो पाणी असतं, पावसाळ्यात त्याहून जास्त. वरून हाताला कोरडी लागणारी गोधडी आत दमट असू शकते. अशी गोधडी बंद पेटीत गेली की बुरशी धरणारच.

यावर आपल्याकडे फुकटचं औषध आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. गोधड्या दोन दिवस चांगल्या कडक उन्हात घाला आणि दुपारी एकदा उलटा. काठीने झोडपा, कडेच्या शिवणी झटका. ऊन कलायच्या आत उचला, तासभर सावलीत निवू द्या आणि मगच घडी घाला. विनयातही हेच आहे. गादी आणि उशी बाहेर न्यावी, उन्हात घालावी, साफ करून झटकावी आणि पुन्हा जागच्या जागी ठेवावी. चीवर दमट असेल तर थोडा वेळ उन्हात वाळवावं, पण उन्हातच टाकून ठेवू नये, असंही सांगितलं आहे. रंगीत आणि लोकरी पांघरुणांना आजही तोच नियम लागू आहे.

धुतलेली जड गोधडी एका दोरीवर टांगू नका. पाण्याने तिचं वजन दुपटीच्याही पुढे जातं, टाके ताणतात आणि आतलं कापड एका बाजूला उतरतं. ती दोन-तीन दोऱ्यांवर पसरा किंवा खाटेवर आडवी घाला.

घडी : चार बोटांचं अंतर

आता मुख्य गोष्ट. उपाध्यायाचं चीवर घडी घालताना शिष्याने दोन्ही कडा बरोबर जुळवू नयेत, चार बोटांचा फरक ठेवावा, म्हणजे चीवर मधोमध मोडणार नाही, असं महावग्गात सांगितलं आहे. मधली रेघ दरवेळी त्याच जागी पडली की कापड तिथेच विरतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आजच्या रजईलाही तंतोतंत लागू पडतं. रजईत कापूस भरलेला असतो, त्यामुळे एकाच रेघेवर तो दबून तुटतो आणि त्या पट्ट्यात नुसती खोळ उरते.

पद्धत सोपी आहे. खाली स्वच्छ सतरंजी अंथरा. दोघांनी समोरासमोर दोन-दोन टोकं धरा. लांबीतून दुमडताना वरची कड चार बोटं मागे ठेवा. मग उरलेल्या पट्टीचे अर्धे करण्याऐवजी तीन भाग करा. पुढच्या वेळी घडीची जागा बदला. फार जाड रजई दुमडण्यापेक्षा सैल गुंडाळलेली बरी. हवा ओढून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या प्रवासापुरत्या ठीक आहेत, पण त्यात महिनोन् महिने दाबून ठेवलेला कापूस पुन्हा फुलत नाही. त्याला पिंजाऱ्याकडेच न्यावं लागतं.

अलीकडे शहरातल्या घरांत ‘वेटेड ब्लँकेट’ही दिसू लागलं आहे. त्याच्या लहान चौकोनी कप्प्यांत काचेचे बारीक मणी भरलेले असतात आणि वजन बहुधा पाच ते नऊ किलो असतं. ते खुंटीला किंवा दोरीला टांगू नये, मणी खाली सरकतात आणि शिवण उसवते. सैल घडी करून सपाट जागी, सगळ्यात खाली ठेवावं. लहान मुलांच्या आणि स्वतःहून ते बाजूला सारता येणार नाही अशा माणसांच्या अंगावर ते कधीही घालू नये.

ठेवायचं कुठे

जुन्या घरात आढ्याला दोरीने बांबू टांगलेला असे आणि गोधड्या त्यावर असत. हवा खेळत असे आणि उंदरांना तिथे पोचणं अवघड जाई. आता दिवाण आहे, लोखंडी पेटी आहे. काहीही असो, चार गोष्टी पाळा. पेटी जमिनीला टेकवू नका, खाली विटा किंवा फळी द्या. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, कारण पावसाळ्यात भिंतीला ओल येते. घडी जुन्या सुती लुगड्यात बांधा, प्लास्टिकमध्ये नको. जड घड्या खाली, हलक्या वर, आणि एकावर एक पाच-सहापेक्षा जास्त नकोत.

सुकवलेला कडुलिंबाचा पाला घड्यांमध्ये घालायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पाला पूर्ण वाळलेला असावा, ओला पालाच बुरशी आणतो. डांबरगोळ्यांबाबत मात्र सावध राहा. जी-सिक्स-पीडी हे द्रव्य रक्तात जन्मतः कमी असलेल्या तान्ह्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळलं, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून जीवघेणी कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात ही कमतरता आहे की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांजवळ डांबरगोळ्या ठेवूच नका.

पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकदा पेटी उघडा. घडीत थेट हात घालू नका, आधी काठीने हलवा. विंचवालाही कोरडी, उबदार जागाच हवी असते.

शिबिराच्या ब्लँकेटांसाठी

विहारात आणि शिबिरात एकाचं पांघरूण उद्या दुसऱ्याच्या अंगावर जातं. खरूज अशीच पसरते. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतो. म्हणून शिबिर संपल्यावर ब्लँकेटं गरम पाण्यात धुऊन उन्हात कडक वाळवा. धुणं शक्य नसेल तर ती आठवडाभर पोत्यात घट्ट बांधून वेगळी ठेवा, त्यानंतर उन्हात घाला आणि मगच रचा. ज्याला खाज आहे त्याला वेगळं पांघरूण द्या, पण चारचौघांत त्याची लाज काढू नका. एका वहीत संख्या, तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा. आमच्या विहारात वही नव्हती, म्हणून दोषही कोणाचाच नव्हता.

जुनं झाल्यावर

चुल्लवग्गात कोसंबीचा राजा उदेन आनंदाला विचारतो, राणीवशातल्या स्त्रियांनी दिलेली ही पाचशे वस्त्रं घेऊन तुम्ही करणार काय? आनंद सांगतो, ज्यांची चीवरं झिजली त्यांना वाटू. राजा पुढे पुढे विचारत जातो. झिजलेल्या चीवरांचे पलंगपोस होतील, जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणं, त्यांची पायपुसणी, त्यांची फडकी आणि शेवटी ती फडकी कुटून चिखलात कालवून जमीन लिंपली जाईल. राजाचं समाधान झालं आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

हिशेब नीट देणाऱ्याला लोक पुन्हा देतात. वर्गणी मागणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा. आणि आपल्या आज्या वेगळं काय करत होत्या? फाटलेल्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं बसकर, बसकराचं पोतेरं.

घडी कोणी घालायची?

शेवटी खरा मुद्दा. आपल्या घरांत गोधडी शिवते आई, उन्हात घालते आई, चार किलोचं ओझं डोक्यावरून माळ्यावर चढवते तीही आईच. कंबर तिचीच जाते. विनयात ही सगळी कामं पुरुषांना सांगितलेली आहेत. शिष्याने उपाध्यायाचं अंथरूण उन्हात घालावं, चीवराची घडी करावी. आणि शिष्य आजारी पडला तर हीच कामं उपाध्यायाने शिष्यासाठी करावीत. त्यात कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही.

समतेवर भाषण देणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना घरातल्या रजईची घडी घालता येते? या मे महिन्यात एक रविवार काढा. सकाळी गोधड्या उन्हात घाला, दुपारी उलटा. ऊन कलायला लागलं की गुडघ्यात वाकून, दोघं मिळून उचला, म्हणजे पाठीवर ताण येणार नाही. आई मदतीला उठेल, तिला बसू द्या. घडी घालताना कडा जुळवायचा मोह होईल. जुळवू नका, चार बोटं सोडा.