उपग्रह खरा, पण नकाशा जुना!

अनोळखी गावी जायचे झाले तर पूर्वी वाटेत चार माणसांना विचारावे लागे. "देवळापाशी डावीकडे वळा, पुढे उसाचे शेत लागेल, तिथे कुणालाही विचारा," असे उत्तर मिळे आणि माणूस विचारत विचारत मुक्कामी पोहोचे. आज ते काम एका तळहाताएवढ्या यंत्राने पत्करले आहे. मोटारीत ते काचेजवळ बसते, फटफटीवर हँडलला. ते नकाशा दाखवते, वळण आले की कानात सांगते. आपल्या मॉरिशसमध्ये फटफटीवरून कामावर जाणारे तरुण घरोघरी आहेत. बहुतेकांच्या हँडलवर मोबाईलच असतो. ज्यांना लांबच्या प्रवासाची हौस आहे ते खास फटफटीसाठी बनवलेले, पावसात चालणारे यंत्र विकत घेतात.

परंतु हेच लोक त्या यंत्राविषयी सतत कुरकुरतात. त्यांचे म्हणणे आपण समजून घ्यावे, कारण प्रश्न केवळ पैशाचा नाही, तर आपल्या मुलाबाळांच्या जिवाचाही आहे.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. अमेरिकेने १९७८ साली या कामाचा पहिला उपग्रह सोडला आणि १९९५ साली ही व्यवस्था पूर्ण झाली. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा करतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ कळवत राहतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते, आणि निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कुठे आहोत ते ठरवते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो, इतके हे नाजूक गणित आहे! मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरिकांसाठीचे संदेश मुद्दाम थोडे बिघडवून पाठवीत असे. ते बंद झाल्यावरच ही यंत्रे सामान्य माणसाच्या खऱ्या उपयोगाची झाली.

आता मुख्य मुद्दा लक्षात घ्यावा. उपग्रहाला रस्ता ठाऊक नसतो. 'तू या ठिकाणी आहेस' एवढे कळण्यापुरतीच त्याची मदत. त्या ठिकाणी रस्ता आहे की ओढा, वाट एकेरी आहे की दुहेरी, हे सांगतो तो नकाशा, आणि तो यंत्राच्या पोटात साठवलेला असतो. उपग्रह रोज ताजी वेळ सांगतो. नकाशा मात्र दिवसेंदिवस जुना होतो.

आपल्याच बेटाचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोचे उद्घाटन झाले आणि २०२२ मध्ये ती क्युरपीपपर्यंत पोहोचली. तिच्या मार्गावर किती चौक बदलले, किती ठिकाणी नवे सिग्नल आले, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मेट्रोपूर्वीचा नकाशा घेऊन निघालेल्या यंत्राला यातले काहीच माहीत नाही. शिवाय ओल्या रुळावरून दुचाकीचे चाक घसरते आणि रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावा लागतो. मोटारवाल्याचा नकाशा चुकला तर तो फार तर उशिरा पोहोचतो. फटफटीवाल्याला आयत्या वेळी वळावे लागले तर तो पडतो.

मग नकाशा नवा का करू नये? इथूनच खऱ्या कटकटीला आरंभ होतो. माझ्या एका सहशिक्षकांना शेजारच्या रेयुनियन बेटावर फटफटीने फिरायचे होते. तिथला सिलाओसचा रस्ता चारशेहून अधिक वळणांचा म्हणून प्रसिद्ध आहे. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी यंत्र संगणकाला जोडले. दोन तास नकाशा उतरत राहिला आणि अखेर 'जागा अपुरी आहे' असा निरोप आला. नकाशे दरवर्षी फुगतात, जुन्या यंत्राचे पोट मात्र तेवढेच राहते. वेगळे मेमरी कार्ड आणून काम झाले खरे, पण वर्षानुवर्षे जपलेली ठिकाणे पुसली गेली, आणि हेल्मेटमधला आवाज बंद पडला तो पडलाच. त्यांनी कंपनीला लिहिले. सर्व पुसून पुन्हा आरंभ करा, असे उत्तर आले!

'अपडेट' करूच नये, असे म्हणावे तर तेही बरोबर नाही. जुन्या मोटारीचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तशी या उपग्रहांची आठवड्यांची मोजणी १०२४ आठवड्यांनी, म्हणजे सुमारे साडेएकोणीस वर्षांनी, शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये असे झाले. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. ज्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये याची तजवीज केलेली नसते, त्याची तारीख एकदम वीसेक वर्षे मागे जाऊ शकते. तेव्हा अपडेट हे औषधासारखे आहे. घ्यावे लागते, पण पोट बिघडण्याची भीतीही असते.

दुसरी तक्रार शब्दांची. अनेक यंत्रांच्या खोक्यावर 'आयुष्यभर मोफत नकाशे' असे छापलेले असे. आयुष्य कुणाचे? घेणाऱ्याला वाटे, माझे. जानेवारी २०१८ मध्ये टॉमटॉम कंपनीने काही जुन्या यंत्रांना यापुढे नवे नकाशे मिळणार नाहीत असे जाहीर केले, तेव्हा उलगडा झाला. आयुष्य यंत्राचे, आणि तेही कंपनी ते उपयोगी समजेल तोवरचे! जुलै २०२० मध्ये गार्मिन कंपनीवर संगणक-दरोडेखोरांनी हल्ला केला आणि तिच्या अनेक सेवा काही दिवस बंद पडल्या. यंत्र आपल्या मालकीचे असले, तरी त्याची नाडी दूरच्या कुणाच्या हाती असते, हे त्या वेळी पुष्कळांना कळले.

तिसरी तक्रार ऐकून हसू येते, पण ती गंभीर आहे. फटफटीवाल्याला जवळचा रस्ता नको असतो. त्याला वळणावळणाचा, देखणा रस्ता हवा असतो. म्हणून तो घरी संगणकावर मार्ग आखतो आणि यंत्रात भरतो. संगणकावरचा नकाशा एका आवृत्तीचा आणि यंत्रातला दुसऱ्या आवृत्तीचा असला, तर यंत्र सर्व गणित नव्याने मांडते आणि भलत्याच वाटेने नेते. कधी तो देखणा रस्ता उसाच्या शेतातली कच्ची वाट निघतो. शिवाय मार्गावरचे काही बिंदू 'इथे पोहोचलेच पाहिजे' असे असतात, तर काही केवळ वाटेला आकार देण्यापुरते. हा फरक न कळता मार्ग आखला आणि पहिल्या प्रकारचा एखादा बिंदू चुकला, तर यंत्र पुढचे पाच-दहा किलोमीटर एकच धोशा लावते: "मागे वळा, मागे वळा." अरुंद घाटात, मागून बस येत असताना, कुणी मागे वळावे?

"मग यंत्र हवेच कशाला, मोबाईल आहे ना," असे तरुण म्हणतात. मोबाईलवरचा नकाशा बहुधा ताजा असतो, हे खरे. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपल कंपनीनेच इशारा दिला, की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. लहान स्कूटरचा धोका कमी. तरी हादरे शोषणारी पकड वापरावी, असे तिने सुचवले आहे. शिवाय जिथे मोबाईलला संकेत नाहीत, तिथे ताजा नकाशाही उतरत नाही. तो आधीच उतरवून ठेवावा लागतो.

यावर उपाय काय? अपडेट प्रवासाच्या निदान आठवडाभर आधी करावे, आदल्या रात्री कधीच नाही. त्यापूर्वी जपलेली ठिकाणे संगणकावर उतरवून ठेवावीत. कच्चे रस्ते टाळण्याची सोय यंत्रात असते, ती चालू करावी. गाडी चालू असताना पडद्याला बोट लावू नये. आवाज ऐकावा, आणि शंका आली तर कडेला थांबावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निघण्यापूर्वी पूर्ण मार्ग एकदा नकाशावर डोळ्यांनी पाहून घ्यावा. वर्गात मी मुलांना घरापासून शाळेपर्यंतची वाट कागदावर काढायला सांगते. जी मुले मोबाईलमध्ये मान घालून येतात, त्यांना मधला पूल आठवत नाही. जी खिडकीबाहेर पाहतात, त्यांच्या कागदावर पूल, दुकान, झाड सर्व उमटते. दुचाकीवर बसणाऱ्याला अशी नजर फार हवी.

आणखी एक गोष्ट आपल्या हातची आहे. २००४ साली ब्रिटनमध्ये 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा नकाशा सुरू झाला. तो कुणा एका कंपनीचा नाही. जगभरचे स्वयंसेवक तो भरतात आणि तो मोफत वापरता येतो. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या अनेक जुन्या यंत्रांतही तो घालून फटफटीवाले आपले काम भागवतात. आपल्या गल्लीत वाहतूक एकेरी झाली, पूल बंद पडला, तर ती दुरुस्ती त्यात आपणही करू शकतो. अट एकच: दुसऱ्या नकाशावरून नक्कल करायची नाही, स्वतः पाहिलेलेच लिहायचे. सुट्टीत घरातल्या मोठ्या मुलांनी आजोबांना सोबत घेऊन आपल्या गावाचे रस्ते तपासले, तर दोघांनाही काम मिळेल, आणि उद्या त्या रस्त्याने येणाऱ्या एखाद्या अनोळखी पोराचे चाक योग्य जागी वळेल. आकाशातला उपग्रह आपले काम चोख करीत आहे. जमिनीवरचे काम माणसालाच करावे लागेल.