साखरेच्या वाटेवरील संशोधिका : डॉ. गर्टी कोरी

एखादा गड चढताना काही वेळाने पाय भरून येतात. थोडा विसावा घेतला की पावले पुन्हा चालू लागतात. या विसाव्याच्या वेळी शरीरात काय घडते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात डॉ. गर्टी कोरी यांनी आयुष्य वेचले. त्याच शोधातून पुढे बालकांच्या एका आनुवंशिक विकाराचे मूळ उलगडले.

गर्टी यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९६ रोजी प्राग येथे झाला. १९२० मध्ये त्यांनी तेथेच वैद्यकाची पदवी घेतली आणि सहाध्यायी कार्ल कोरी यांच्याशी विवाह केला. १९२२ मध्ये हे दांपत्य अमेरिकेत बफेलो येथे आले. दोघांचे संशोधन एकत्र चाले. परंतु पतीपत्नींनी एकाच प्रयोगशाळेत काम करणे त्या काळी अनेकांना रुचत नसे. १९३१ मध्ये दोघे सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. तेथे कार्ल प्राध्यापक झाले, तर गर्टी यांच्या वाट्याला अल्प वेतनाचे संशोधन साहाय्यकाचे पद आले. प्राध्यापकपद मिळण्यास त्यांना १९४७ साल पाहावे लागले.

यकृत : साखरेचे कोठार

आपण खाल्लेल्या भाकरी-भाताचे पचनानंतर ग्लुकोज होते. त्यातील तात्काळ न लागणारा काही भाग यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविला जातो. श्रमाच्या वेळी स्नायू आपल्या साठ्यातून ऊर्जा मिळवितात व त्यातून लॅक्टिक अम्ल तयार होते. हे अम्ल रक्तावाटे यकृतात जाते, तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते आणि ते स्नायूंकडे परतते. १९२९ मध्ये मांडलेले हे चक्र ‘कोरी चक्र’ म्हणून ओळखले जाते. १९३६ मध्ये ग्लायकोजेनच्या विघटनातील पहिला टप्पा असलेले संयुग त्यांनी वेगळे केले, तर १९३९ मध्ये परीक्षानळीत ग्लायकोजेन तयार करून दाखविले. या कार्याबद्दल १९४७ चे नोबेल पारितोषिक कोरी दांपत्याला बर्नार्डो हाउसे यांच्यासमवेत मिळाले. त्याच वर्षी गर्टी यांना अस्थिमज्जेच्या असाध्य विकाराने गाठले.

एका विकराचा अभाव

चयापचयाची प्रत्येक पायरी विशिष्ट विकराच्या, म्हणजेच एन्झाइमच्या, साहाय्याने पार पडते. एक विकर नसले तर पुढची सारी वाट अडते. चयापचयातील काही दोष जन्मजात असतात, हा विचार इंग्लंडमधील आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ मध्येच मांडला होता. काही बालकांचे यकृत बेसुमार वाढते आणि थोडा वेळ उपाशी राहताच रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. कोठार भरलेले, पण दार बंद, अशी ही अवस्था होय. १९५२ मध्ये कोरी दांपत्याने अशा रुग्णांच्या यकृताचे नमुने तपासले. काही नमुन्यांत ग्लुकोज मुक्त करणारे शेवटचे विकर जवळजवळ आढळलेच नाही. इतरांत मात्र ते होते. यावरून रोगाचे कारण कळलेच, शिवाय बाहेरून सारखे दिसणारे हे विकार एकच नव्हेत, हेही स्पष्ट झाले. पुढे गर्टी यांनी त्यांचे प्रकार निश्चित केले. त्यांतील एक आजही ‘कोरी रोग’ या नावाने ओळखला जातो.

कारण समजल्यामुळे उपायाची दिशा मिळाली. अशा बालकाला रात्रीही ठरावीक अंतराने आहार द्यावा लागतो. मक्याचा कच्चा स्टार्च पाण्यात कालवून दिल्यास साखर हळूहळू रक्तात उतरते, असे १९८४ मध्ये दिसून आले. मात्र आहाराचे प्रमाण तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

आपल्या दृष्टीनेही या विषयाला महत्त्व आहे. आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला असा विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. मामाच्या मुलीशी विवाहासारख्या नात्यातील संबंधांत दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. घरात असे मूल जन्मले असेल, तर पुढील अपत्यापूर्वी आनुवंशिकतज्ज्ञाचा सल्ला घेणे हिताचे ठरते. यात आईला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

दुखणे बळावले तरी गर्टी कोरी प्रयोगशाळेत येतच राहिल्या. २६ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. रात्री वेळेवर आहार मिळून सकाळी सुखरूप जागे होणारे प्रत्येक रुग्ण बालक त्यांच्या कार्याची साक्ष देते.