फोटो काढणाराही फोटोत हवा!

फोटोंचा अल्बम नाही असे घर आता विरळाच. कुणाकडे तो कपाटात असतो, कुणाकडे पत्र्याच्या पेटीत, कुणाकडे नुसतीच प्लॅस्टिकची पिशवी असते. वाचकहो, एखाद्या रविवारी ती पिशवी काढून बसा आणि एक साधी मोजणी करा. सहल, नामकरण, लग्न, भीमजयंती अशा सगळ्या फोटोंत घरातले कोणते माणूस सर्वांत कमी वेळा दिसते? बहुतेक घरांत उत्तर एकच येईल. ज्याच्या हातात कॅमेरा होता, तोच फोटोत नाही! त्याच्या पाठोपाठ नंबर लागतो तो स्वयंपाकघरात अडकलेल्या आईचा.

१९९० च्या दशकात पुण्यातल्या आमच्यासारख्या वस्त्यांत कॅमेरा एखाद्याच घरी असे. दिवाळीचा बोनस हाती आला की कुणी तरी हौसेने तो घेई आणि मग सगळी गल्ली मागून नेई. एका रोलमध्ये ३६ फोटो. ते दोन-चार कार्यक्रमांना पुरवायचे, मग रोल स्टुडिओत धुवायला टाकायचा आणि फोटो हाती येईपर्यंत वाट पाहायची. त्यामुळे एकेक फोटो मोलाचा. कॅमेरेवाला दादा सगळ्यांना ओळीत उभे करी, हसवी, बटण दाबी आणि स्वतः मात्र बाहेर राही.

यात काय बिघडले, असे कुणी विचारील. आमच्या परिचयाच्या एका घरात काय झाले ते सांगतो. घरातला थोरला मुलगा कारखान्यात कामाला होता. भावंडांची लग्ने, भाचरांचे वाढदिवस, देहूरोडच्या सहली, सगळ्यांचे फोटो त्यानेच काढलेले. तो अचानक गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो शोधायला घरची मंडळी बसली, तेव्हा तीन अल्बम चाळूनही त्याचा धड एक फोटो मिळेना. शेवटी कारखान्याच्या ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा फोटो मोठा करून चौकटीत बसवावा लागला. तो इतका पुसट आला की त्याच्या धाकट्या मुलीने विचारले, "हे पप्पा आहेत?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे?

खरे तर यावरचा उपाय पुष्कळ कॅमेऱ्यांतच बसवलेला होता. त्याचे नाव सेल्फ टाइमर. बटण दाबल्यावर कॅमेरा लगेच फोटो काढत नाही, साधारण दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात बटण दाबणाऱ्याने जाऊन सगळ्यांत उभे राहायचे. हा खटका अनेकांनी पाहिलेला असतो, पण रोल वाया जाईल या भीतीने त्याला हात लावलेला नसतो.

सगळ्याच कॅमेऱ्यांना ही सोय नव्हती. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री आपल्याकडे घरोघर गेला. त्यात १२ फोटोंचा रोल बसे, पण टाइमर नव्हता. कोडॅकच्या केबी १० लाही नव्हता. उलट यशिका इलेक्ट्रो ३५, रशियन झेनिट ई, निकॉन एफएम १० यांना तो होता. पेंटॅक्स के १००० हा कॅमेरा चांगला भारी, पण त्यालाही टाइमर नाही. तेव्हा किमतीवर जाऊ नका, कॅमेऱ्याची पुढची बाजू पाहा. लेन्सच्या शेजारी खाली-वर फिरणारी छोटी दांडी दिसली तर बहुधा तोच टाइमर. काही जुन्या जर्मन कॅमेऱ्यांत लेन्सच्या कडेला व्ही, एक्स आणि एम ही इंग्रजी अक्षरे असतात. त्यातले व्ही म्हणजे टाइमर.

आतली रचना चावीच्या घड्याळासारखी असते. दांडी फिरवली की स्प्रिंग आवळली जाते. बटण दाबले की ती हळूहळू सुटू लागते, चाके घर्रर्र आवाज करत फिरतात आणि शेवटी शटर उघडते. बॅटरीवरच्या कॅमेऱ्यांत आवाजाऐवजी पुढे छोटा दिवा लुकलुकतो. काही कॅमेऱ्यांत शेवटच्या क्षणी तो जास्त वेगाने लुकलुकतो. म्हणजे आता हलू नका!

फोटो नीट यावा म्हणून पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१) कॅमेरा पक्का ठेवा. तिपाई नसली तरी अडत नाही. टेबलावर स्टूल, त्यावर दोन जाड पुस्तके, एवढ्यावर भागते. कॅमेरा उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर आला की पुरे. खाली घडी घातलेला रुमाल ठेवला तर तो घसरत नाही.

२) सगळ्यांना आधी उभे करा आणि आपली जागा मोकळी ठेवा. ती कडेला असावी. मधली जागा धरली तर धावताना लहान मुलांच्या पायांवर पाय पडतो. जागेवर खडूने खूण करा.

३) अंतर मोजा. हाताने अंतर लावायचा कॅमेरा असेल तर खुणेच्या जागेवर दुसऱ्या कुणाला उभे करून अंतर लावा. नेहमीच्या ५० मिलिमीटर लेन्सवर आठचा आकडा ठेवून १० फूट अंतर लावले, तर सुमारे ८ ते १४ फुटांमधली माणसे स्पष्ट येतात. दोन रांगांना हे पुरते.

४) आधी रोल पुढे घ्या, मग दांडी फिरवा, शेवटी बटण दाबा. हा क्रम मोडू नका. काही कॅमेऱ्यांत दांडीखालीच वेगळे छोटे बटण असते.

५) बटण कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून दाबा. आपोआप अंतर लावणारे बरेच कॅमेरे बटण दाबतानाच अंतर पकडतात. समोरून हात घालून दाबले तर कॅमेरा तुमचेच अंतर धरतो आणि मागची सगळी मंडळी धूसर येतात. आपोआप उजेड मोजणाऱ्या कॅमेऱ्यात आणखी एक गोम आहे. डोळा लावायच्या खिडकीतून मागचे ऊन आत शिरले तर फोटो काळपट येतो. खिडकीवर काळे फडके टाका.

६) मुलांना मोठ्याने आकडे मोजू द्या. त्यांचे लक्ष राहते आणि चेहरेही हसरे येतात. दहा झाले तरी हलू नका, शटरचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबा.

७) रोलचा फोटो लगेच पाहता येत नाही. कुणाचे डोळे मिटले हे धुऊन आल्यावरच कळते. म्हणून महत्त्वाच्या प्रसंगी दोन फोटो घ्या.

८) रात्री घरात काढायचा असेल तर १०० नंबरच्या रोलवर कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशचा उजेड दहा-बारा फुटांपलीकडे फारसा पोचत नाही. मागच्या रांगेला पुढे सरकवा.

एक इशारा. बरीच वर्षे पडून असलेल्या कॅमेऱ्यातले वंगण घट्ट होते. टाइमर मध्येच अडकतो आणि शटरही बसते. आधी रोल न घालता दोन-तीन वेळा चालवून पाहा. अडकला तर जोर लावू नका, जाणकार कारागिराला दाखवा. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात कॅमेरा घेतलात तर हीच तपासणी तिथेच करा. दुसरे असे की १ जानेवारीला भीमा कोरेगावला असते तसल्या गर्दीत तिपाई मांडून दूर जाऊ नका. तिथे शेजारच्या माणसाला विनंती करणे बरे.

आज रोल महाग झाले आहेत आणि ते धुऊन देणारे स्टुडिओ मोजकेच उरले आहेत. तरी कॉलेजातली काही मुले वडिलांचे जुने कॅमेरे हौसेने बाहेर काढत आहेत. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनीही निराश होऊ नये. त्यातही टाइमर असतो. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत चार चेहरे मावतात, पण आजी-आजोबांसह उभे कुटुंब मावत नाही. सवय तीच ठेवायची. मोबाइल टेकवायचा, दहा आकडे मोजायचे, सगळ्यांनी यायचे.

फोटो हाती आला की मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि डावीकडून नावे लिहा. याचे मोल केवढे ते एका फोटोवरून कळते. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो आपण पाहिलेला असेल. डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. पुढे २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. त्या दिवशी सगळे एकत्र बसले, म्हणून रमाई कुटुंबात कशा दिसत होत्या हे आज लहान मुलालाही दाखवता येते. नावे क्रमाने नोंदली गेली, म्हणून कोण कोण हे सांगता येते.

आपल्या आजोबा-पणजोबांचे फोटो आपल्यापैकी कितीजणांकडे आहेत? कॅमेरा परवडत नव्हता, स्टुडिओत जायला पैसे नव्हते, म्हणून ते चेहरे गेले. आता कॅमेरा आहे. तरीही घरातला एखादा चेहरा निसटला तर तो केवळ आपल्या आळसामुळे.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो काढताना आधी स्वयंपाकघरात हाक मारा. आईला हात पुसून बाहेर येऊ द्या, सुनेला मागच्या कोपऱ्यातून पुढे घ्या. आणि मग दादा, दांडी फिरवा, बटण दाबा आणि या. तुमची जागा मोकळी ठेवली आहे.