शस्त्रांच्या मेजापलीकडे : पोलीस प्रदर्शनासंबंधीचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

२ जानेवारी १९६१ रोजी तत्कालीन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज प्रदान केला. त्या घटनेच्या स्मरणार्थ २ जानेवारी हा दलाचा स्थापना दिन पाळला जातो आणि २ ते ८ जानेवारी या सप्ताहात, ज्याला बोलताना ‘रेझिंग डे’ असेच म्हटले जाते, ठिकठिकाणची पोलीस ठाणी शाळकरी मुलांसाठी व नागरिकांसाठी खुली होतात आणि तेथे शस्त्रांचे व साधनांचे प्रदर्शन मांडले जाते. उदाहरणार्थ, धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात शिंदखेडा, दोंडाईचा आणि नरडाणा अशी पोलीस ठाणी आहेत. श्वान पथक, बॉम्ब शोधक व नाशक पथक आणि ठसेतज्ज्ञ मात्र तालुक्याच्या ठाण्याचे नसून जिल्हा पोलीस दलाचे असतात. अशा प्रदर्शनात साधने दिसतात, पण त्या साधनांना बांधून ठेवणारा कायदा मेजावर मांडता येत नाही, आणि पोलिसांविषयीचे बहुतेक गैरसमज नेमके या उणिवेतून जन्म घेतात.

पहिला गैरसमज शस्त्रांविषयीचा आहे. मेजावरची एसएलआर, म्हणजे घोडा दाबताच एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाणारी रायफल, किंवा अश्रुधुराची नळकांडी फेकणारी बंदूक पाहून अनेकांचा समज होतो की पळणाऱ्या आरोपीवर गोळी झाडण्याचा अधिकार पोलिसाला आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ सांगते, की देहान्ताच्या किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर नाही, त्याला अटक करताना त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार पोलिसाला मिळत नाही. बेकायदा जमाव पांगवतानाही कलम १४८ प्रमाणे आधी पांगण्याचा आदेश द्यावा लागतो, आणि तो आदेश कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या अनुपस्थितीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीच देऊ शकतो.

मुलांची सर्वांत मोठी गर्दी श्वानाभोवती होते आणि सर्वांत खोल गैरसमजही तेथेच रुजतो, तो असा की श्वानाने ज्याच्या दारापर्यंत माग काढला तोच चोर. मुळात पोलीस दलातील सगळे श्वान एकच काम करत नाहीत. गुन्हेगाराचा माग काढणारे श्वान वेगळे, स्फोटके हुंगणारे वेगळे आणि अमली पदार्थ शोधणारे वेगळे, कारण प्रत्येकाला विशिष्ट गंधाचे स्वतंत्र प्रशिक्षण दिलेले असते. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत मोठा स्फोटकसाठा शोधून देणारा ‘झंजीर’ हा लॅब्राडोर स्फोटकांचा श्वान होता, घरफोडीचा माग काढणारा नव्हे. माग काढणाऱ्या श्वानाच्या कामगिरीला पुरावा म्हणून किती वजन द्यायचे, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच गेलेल्या अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. श्वान शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी घेता येत नाही, आणि एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य प्राण्याच्या अनुमानावर टांगून ठेवता येत नाही, या आक्षेपांचा विचार करून न्यायालयाने अशा पुराव्याला फारसे वजन दिले नाही. म्हणून श्वान तपासाला दिशा देतो, दोषी ठरवत नाही; गावात एखाद्याच्या उंबऱ्याशी श्वान थांबला म्हणून त्या घराकडे वर्षानुवर्षे बोट दाखवले जाणे हा उघड अन्याय आहे. शिवाय चोरी उघडकीस आल्यावर सगळी गल्ली घरात शिरते, कपाटाच्या मुठीला हात लावते, उचकटलेला कडीकोयंडा उचलून पाहते. त्यामुळे श्वान येईपर्यंत मूळ गंध मिसळून जातो आणि त्याचे अपयश पोलिसांच्या माथी मारले जाते.

ठशांचेही असेच होते. बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात स्थापन झाले आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय कर्मचाऱ्यांचा मोलाचा वाटा होता, ही अभिमानाची बाब आहे. तरीही संगणकात ठसा टाकताच नाव बाहेर येते हा समज खरा नाही. ज्याचे ठसे अभिलेखात आधीपासून आहेत त्याच्याशीच तुलना होऊ शकते आणि जुळणीचा निर्णय अखेर तज्ज्ञाला रेषांचे बारकावे ताडून द्यावा लागतो.

याहून महत्त्वाची वस्तू प्रदर्शनात सहसा कोणी पाहत नाही, ती म्हणजे प्रथम खबर अहवालाचे पुस्तक. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, पहिली माहिती ज्यात नोंदली जाते तो हा अहवाल होय. ‘ही आमची हद्द नाही’ असे सांगून फिर्याद परत पाठवता येते, असे फिर्यादी तर समजतातच, कधी कधी अंमलदारही समजतात. संहितेच्या कलम १७३ने हा समज निकाली काढला आहे. सुरत–भुसावळ मार्गावरील गाडीत दोंडाईचा ते शिंदखेडा यांदरम्यान एखाद्याचा महागडा मोबाइल चोरीला गेला, तर तपास लोहमार्ग पोलिसांचा असला तरी फिर्याद शिंदखेडा ठाण्यात देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे वर्ग केली जाते आणि नोंदीची प्रत फिर्यादीला मोफत द्यावी लागते. मात्र याच संहितेच्या पहिल्या अनुसूचीनुसार, चोरी साधी असून चोरीस गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर ती अदखलपात्र ठरते. तेव्हा ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली म्हणजे टाळाटाळच झाली असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. दखलपात्र गुन्ह्याची नोंद नाकारली गेल्यास लेखी तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

‘११२’ हा क्रमांक फक्त पोलिसांचा, हाही एक समज आहे. तो पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी आहे. हा फोन शिंदखेड्याच्या ठाण्यात न वाजता राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात घेतला जातो, म्हणून गावाबरोबर तालुका, जिल्हा आणि जवळची ठळक खूण सांगणे आवश्यक ठरते.

सर्वांत घातक गैरसमज अपघाताविषयीचा आहे, आणि मुंबई–आग्रा महामार्ग नरडाण्यावरून जात असल्यामुळे या तालुक्याला तो अधिक भोवू शकतो. जखमीला उचलले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने माणसे गाडी न थांबवता निघून जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, जखमीचा पुढे मृत्यू झाला तरी, त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याला नाव–पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत आणि रुग्णालयही त्याला अडवून ठेवू शकत नाही. तो स्वेच्छेने साक्षीदार होण्यास तयार झाला, तर त्याचा जबाब त्याच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी, उदाहरणार्थ त्याच्या घरी, घेतला गेला पाहिजे.