धुऱ्यावरून बाटलीत

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि पुढच्याच वर्षी गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये हिरव्या पाल्याचा विषय घेतला. हातसडीचा तांदूळ, गूळ आणि घाणीचं तेल यांच्या जोडीला कच्चा पालाही आला. गांधीजींच्या आश्रमाच्या पंगतीत कडुनिंबाची चटणी असायची, ती गिळताना भल्याभल्या पाहुण्यांची परीक्षा होई. सेलूच्या शेतमजूर बाईला यात नवल कसलं? आखाड-श्रावणात तरोट्याचा कोवळा पाला, चिवळ, घोळ, अंबाडी आणि बोरच्या जंगलाकडली काटवलं तिच्या चुलीवर होतीच.

१९३७ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचे तक्ते निघाले. त्यांत प्रथिनं, लोह, चुना होते, अँटिऑक्सिडंटचा रकाना नव्हता. त्याच वर्षी क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल मिळालं. पण ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाची चलती व्हायला आणखी पन्नासेक वर्षं गेली.

ही चलती होण्यात एका सोप्या चाचणीचाही हात आहे. १९५८ च्या या पद्धतीत डीपीपीएच नावाच्या रसायनाचं जांभळं द्रावण घ्यायचं आणि त्यात पाल्याचा अर्क टाकायचा. जितका रंग पिवळट होईल, तितका अर्क जोरकस. स्वस्त आणि झटपट असल्यामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी ती हातोहात उचलली, आणि आवळा, शेवगा, तुळस, गुळवेल यांच्यावर शोधनिबंधांचा पाऊस पडला. माझं भांडण रंगाशी नाही. परीक्षानळीतला आकडा थेट कॅप्सूलच्या वेष्टनावर चढला, त्याच्याशी आहे.

कारण तोवर इशारा मिळालेला होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला तर नाहीच, उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला. पाल्यातलं हेच रंगद्रव्य भाजीत निरुपद्रवी असतं. एकटं काढून मोठ्या मात्रेत दिलं की गणित बदलतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ताच संकेतस्थळावरून काढून टाकला. त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध सिद्ध नव्हता आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करत होते.

हळदीची कथा आपल्या वर्धा जिल्ह्याची. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं गेलं. भारताच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने दाखले पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला पुढे २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातलं कुरकुमिन नुसतं गिळलं तर रक्तात फारच थोडं पोचतं. मिऱ्याच्या सोबतीने शोषण वाढतं. फोडणीत दोन्ही एकत्र पडत आले, ते काही शोषणाचा हिशेब करून नव्हे.

२०१७ च्या हैदराबादच्या अन्नतक्त्यांत अखेर पॉलिफिनॉलही मोजली गेली. आता ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तरोटा टेबलावर मांडला जातो. महोत्सव चांगलेच, पण ही भाजी जिथे उगवते त्या धुऱ्याचं काय? कपाशी-सोयाबीनचं निंदण करताना बाया ओटीत भाजी घेऊन येत. तणनाशकाची फवारणी झाली की निंदणाची मजुरी बुडते आणि त्याच फवाऱ्याखाली तरोटा, चिवळ, घोळही जळतात.