बळ आणि भार

शर्यतींत जिच्या इंजिनाची शक्ति अधिक, तीच मोटार पुढें जाणार, असा सर्वसाधारण समज असतो. १९ जानेवारी १९५८ रोजीं अर्जेंटिनांतील ब्यूनोस आयरेस येथें तो खोटा ठरला. स्टर्लिंग मॉस यांच्या चिमुकल्या कूपर गाडीचें इंजिन दोन लिटरांहून किंचित् कमी, तर प्रतिपक्षी फेरारी गाड्यांचें २.४ लिटरांचें. तरीहि मॉस २.७ सेकंदांनीं विजयी झाले.

याचें कारण काय? भरली घागर घेऊन धांवणाऱ्यास कोपऱ्यावर जपून वळावें लागतें. रिकाम्या हातांचा मनुष्य सहज वळतो. मोटारीचेंहि तसेंच. वजनाबरोबर टायरची पकड वाढते खरी, पण त्याच प्रमाणांत नव्हे. शिवाय जड गाडीचे टायर लवकर झिजतात. कूपर टायर बदलण्यास थांबेल, या भरंवशावर फेरारीवाले राहिले. टायरांचें आंतलें कापड उघडें पडलें, तरी मॉस थांबले नाहींत.

परंतु लांब सरळ रस्त्यावर न्याय बदलतो. अतिवेगांत मुख्य विरोध हवेचा. तो वजन घटविल्यानें घटत नाहीं, तेथें शक्तीच हवी. म्हणून १९५९ सालीं रँस व बर्लिनचा आव्हुस या सरळ, वेगवान मार्गांवर टोनी ब्रुक्स यांची फेरारी जिंकली. वळणावळणाच्या मोनॅकोंत जॅक ब्रॅबम यांची कूपर. त्या वर्षींचें जगज्जेतेपद ब्रॅबम यांसच मिळालें. तात्पर्य, कोणती मोटार श्रेष्ठ हें विचारण्यापूर्वीं मार्ग कोणता, हें विचारावें.