वाकड्या बोटांची पिल्ले

"बी.ए.च्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात कोंबडीच्या पिल्लांवर लिहावे काय?" असे माझ्या खोलीतील मित्राने हसत विचारले. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. घरात पुस्तके नव्हती, कोंबड्या होत्या. जे आपण हाताळले आहे त्यावरच माणसाने लिहावे, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात. तेथून लोह्यामार्गे नांदेडला येताना वाटेत माळेगाव लागते. मार्गशीर्षात तेथे खंडोबाची यात्रा आणि जनावरांचा मोठा बाजार भरतो. लाल कंधारी वा देवणी बैल घेणारा शेतकरी बैलाला आधी चालवून पाहतो. पायात खोड असली की किंमत पडते. कोंबडीच्या पिल्लाची मात्र किंमत पडत नाही. त्याला सरळ टाकूनच देतात.

बारावीची परीक्षा झाल्यावरची गोष्ट. गावात पिल्ले विकणारी गाडी आली. गिरिराज, वनराजा या सुधारित जाती आता खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहेत. विक्रेत्याने पाटीतून पाच पिल्ले वेगळी काढली आणि उकिरड्याच्या कडेला ठेवून दिली. पायाने अधू होती. वडील म्हणाले, "त्येला कोण इचारतंय बाजारात?" माय काही बोलली नाही. तिने पदरात पाचही पिल्ले घेतली आणि घरी आल्यावर म्हणाली, "आरं, दाणा टिपतंय की ते. खाणाऱ्याला टाकून देत न्हाईत."

पिल्ले माझ्या स्वाधीन झाली. मला काहीच येत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरांनी प्रत्येक पिल्लू हातात घेऊन सांगितले, "पाचही लंगडी दिसतात, पण रोग एक नाही. आधी ओळखायला शिक." माझ्या लेखाचे सारही हेच आहे.

कोंबडीच्या पायाला साधारणतः चार बोटे असतात. तीन पुढे व एक मागे. आमच्या दोन पिल्लांची पुढची बोटे आत मुडपलेली होती. अंडी उबवताना उष्णता कमीजास्त झाली किंवा अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात 'ब-२' जीवनसत्त्व कमी पडले, तर असे होऊ शकते. पिल्लू दोन-तीन दिवसांचे असेपर्यंत त्याची हाडे कोवळी असतात. तेवढ्यात जाड पुठ्ठ्याची पावलाएवढी चप्पल कापावी, बोटे हलक्या हाताने पसरून तिच्यावर ठेवावीत आणि चिकटपट्टीने बसवावीत. दररोज सोडून पाहावे. आमच्या एका पिल्लाची बोटे तिसऱ्या दिवशी सरळ झाली. दुसऱ्याचे एक बोट वाकडेच राहिले. पण त्यामुळे त्याचे काही अडले नाही.

आणखी दोघांचे पाय दोन्ही बाजूंना फाकत होते. असे पिल्लू उभेच राहू शकत नाही. याचे एक मोठे कारण म्हणजे गुळगुळीत जमीन. पुष्कळ लोक पिल्लांखाली वर्तमानपत्र अंथरतात. त्यावर पाय घसरतो आणि सांधा सैल पडतो. गोणपाट अंथरले तर निम्मे काम होते. दोन्ही पायांना मऊ पट्टीचा सैलसर दावा बांधायचा, पाय नेहमीच्या अंतरावर राहतील इतपत. एक पिल्लू चौथ्या दिवशी चालू लागले. दुसऱ्याची पट्टी मी घट्ट बांधली. लवकर बरे व्हावे ही घाई माझी! रात्री पाहिले नाही. सकाळी पाय सुजून गार पडला होता. संध्याकाळी ते पिल्लू मेले. वाचकहो, ही चूक झाकून ठेवावी असे मनात आले होते. परंतु दुसऱ्या कोणाच्या हातून ती होऊ नये म्हणून लिहितो. पट्टीखाली आपल्या करंगळीचे नख सहज शिरले पाहिजे.

पाचव्याच्या घोट्याजवळची शीर जागेवरून सरकली होती. खाद्यात मँगनीज किंवा कोलीन कमी पडल्यानेही हा विकार होतो. शीर पूर्ण सरकल्यावर उपाय सहसा चालत नाही. डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले होते. मी तीन दिवस ऐकले नाही. ते ओरडत राहिले, बाकीची पिल्ले त्याला टोचत राहिली. शेवटी मायने ते माझ्या हातातून घेतले आणि त्याचे हाल संपवले. पदरात घेऊन आलेली तीच, आणि हे करणारीही तीच. दया म्हणजे केवळ वाचवणे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

आता खाद्याविषयी. आम्ही पिल्लांना तांदळाची कणी टाकत असू. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर भागणार नाही. पुढे मी वाचले की डच वैद्य क्रिस्टियान आइकमन यांना १८९०च्या दशकात जावा बेटावरील बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, पायांतले बळ गेलेल्या कोंबड्या दिसल्या. त्या पॉलिश केलेल्या तांदळाच्या भातावर पोसल्या जात होत्या. कोंड्यासह तांदूळ मिळताच बऱ्या झाल्या. त्यातून जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट निघाली आणि १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कोंबडीच्या लंगड्या पायाने माणसाला केवढे शिकवले! आम्ही मग पिल्लांचे तयार खाद्य आणले. शिवाय थोडे दही, बारीक चिरलेला पाला आणि डॉक्टरांनी दिलेले 'ब' जीवनसत्त्वाचे औषध पाण्यातून सुरू केले. पाण्याची थाळी उथळ असावी व तिच्यात खडे टाकावेत, म्हणजे अधू पिल्लू बुडत नाही.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. आपल्या मराठवाड्यातील एप्रिलची दुपार त्याहून तापते, म्हणून दिवसा सावली आणि रात्री डालग्यात बल्ब. वीज गेली की कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवत असू.

दोन इशारे देणे आवश्यक आहे. थोड्या मोठ्या पक्ष्याचा एक पाय पुढे व एक मागे पडू लागला किंवा मान मुरडली, तर ती बोटांची खोड नव्हे. मरेक किंवा मानमोडी असू शकते. तेव्हा पट्टी न बांधता दवाखाना गाठावा. आणि एकदम पुष्कळ पक्षी मेले तर त्यांना हात लावू नये, ताबडतोब पशुसंवर्धन खात्याला कळवावे. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरच्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता, हे विसरू नये. शिवाय वाकड्या बोटांची खोड कधी कधी वंशातूनही येते. म्हणून अशा कोंबडीची अंडी खावीत, विकावीत, पण रवणीला बसवू नयेत.

पाचांपैकी तीन जगली. एक कोंबडा, दोन तलंगा. दिवाळीनंतर तलंगा अंड्यावर आल्या. प्रथम वर्षाच्या परीक्षेचा अर्ज भरताना मायने पदराच्या गाठीतून जे पैसे काढून दिले, त्यांत त्या दोघींच्या अंड्यांचे पैसे होते. वडिलांनी ते पाहिले. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी खुराड्याचे मोडके दार त्यांनी न सांगता दुरुस्त केले.

नांदेडला आल्यावर पहिले काही महिने वर्गात मला नीट बोलता येत नसे. माझी भाषा ऐकून मुले हसत. माझ्याही पायाखाली गुळगुळीत कागदच होता म्हणा ना! कोणी तरी वेळेवर गोणपाट अंथरले, थोडा सैलसर आधार दिला, म्हणून उभा राहिलो. ती माणसे याच महाविद्यालयातील आहेत. त्यांना हे वाचून कळेल.

सुट्टीत घरी गेलो की वाकड्या बोटाची कोंबडी अजून अंगणात धावत येते. तिची चाल जरा वेगळी आहे. दाणे मात्र ती सर्वांच्या आधी टिपते.

— बी.ए. द्वितीय वर्ष